पंडिता रमाबाई : आज्ञापालनाचे एक चरित्र

पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांच्या चरित्राची मराठीत सोयीस्कर विभागणी झालेली आहे. संस्कृत पांडित्य, आंतरजातीय विवाह, ‘स्त्रीधर्मनीति’, हंटर आयोगापुढील साक्ष, अमेरिकेचा प्रवास आणि शारदासदनाची स्थापना, एवढा भाग स्त्रीसुधारणेच्या इतिहासाने आपलासा केला. केडगावच्या पंचवीस वर्षांचा भाग मात्र ख्रिस्ती मंडळींच्या स्वाधीन झाला. देवदत्त नारायण टिळक यांच्या ‘महाराष्ट्राची तेजस्विनी पंडिता रमाबाई’ (१९६०) या ग्रंथासारखे अपवाद सोडले, तर सर्वसाधारण अभ्यासकाला उत्तरार्धातील रमाबाई काहीशा अडचणीच्याच वाटत आल्या आहेत. पुढे मीरा कोसंबी, उमा चक्रवर्ती प्रभृती अभ्यासकांनी मूळ साधने खुली करून ही उपेक्षा बरीच दूर केली. तरीही एक अवघडलेपण उरतेच. शास्त्री, बिशप, सिस्टर, समाजधुरीण अशा एकाही मानवी सत्तेपुढे जी स्त्री वाकली नाही, ती आयुष्याच्या उत्तरार्धात ईश्वराची आज्ञा हा शब्द वारंवार का वापरते? बंडखोर स्त्रीने शेवटी शरणागती पत्करली, असा याचा अर्थ लावण्याचा मोह होतो. रमाबाईंचे चरित्र त्यांच्या आज्ञापालनाच्या अंगाने पुन्हा वाचले, तर हा अर्थ टिकत नाही, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

या वाचनाचा आरंभ बाप्तिस्म्यापासून करणे चुकीचे ठरेल. तो १८७४ च्या दुष्काळापासून करावा लागतो.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळ येथील अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे व्युत्पन्न. पेशव्यांच्या वाड्यात आपले गुरू एका स्त्रीला संस्कृत शिकवतात हे त्यांनी तरुणपणी पाहिले होते, आणि आपल्या पत्नीलाही शिकवायचे हा विचार तेव्हापासून त्यांच्या मनात घर करून राहिला. दुसऱ्या विवाहानंतर पत्नी लक्ष्मीबाईंना त्यांनी संस्कृत शिकवले. त्यापायी लोकनिंदा वाट्यास आली तेव्हा ते रानात जाऊन राहिले. रमाबाईंना संस्कृत शिकवले ते या आईने. पुढे जमीनजुमला गेला आणि कुटुंब तीर्थयात्रेला निघाले. पुराण सांगावे, मिळेल त्या दक्षिणेवर गुजराण करावी आणि बहुतेक दानधर्मात खर्च करावे, अशी त्यांची रीत होती. देव आपल्या भक्ताला उपेक्षित ठेवणार नाही, या श्रद्धेवर चाललेला तो संसार होता. कुटुंबातील कोणालाही अंगमेहनतीचे वा लौकिक उपयोगाचे काम येत नव्हते, ही गोष्ट रमाबाईंनी पुढे कडवटपणे नोंदवली आहे.

मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला तेव्हा या श्रद्धेची परीक्षा झाली. होते नव्हते ते सारे विकून व्रतवैकल्ये केली, देवाला सोने वाहिले. अखेरीस तिरुपतीच्या परिसरातील रानात झाडपाला आणि पाणी यांवर दिवस काढण्याची पाळी आली. भीक मागणे ब्राह्मण्याला लाजिरवाणे, आणि काम येत नाही. वृद्ध आणि दृष्टी गेलेल्या अनंतशास्त्र्यांनी जलसमाधी घेण्याचे ठरवले आणि मुलांचा निरोप घेतला. धाकटी आणि सर्वांत लाडकी म्हणून रमाबाईंना जवळ घेऊन त्यांनी सांगितले, की मी तुला ईश्वराच्या हाती दिले आहे, तू त्याचीच आहेस आणि जन्मभर त्याचीच सेवा कर. या निरोपाचे शब्द रमाबाईंनी १९०७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आत्मनिवेदनात विस्ताराने दिले आहेत. त्यांना ख्रिस्ती होऊन तेव्हा चोवीस वर्षे झाली होती. थोरला भाऊ श्रीनिवास मजुरी करीन म्हणाला आणि जलसमाधीचा बेत रहित झाला. पण त्या श्रमांनी खंगलेले वडील १८७४ मध्ये निवर्तले. त्याच वर्षी रायचूर येथे आई गेली. तिची तिरडी उचलायला माणसे मिळेनात. दोन ब्राह्मणांना दया आली, तिसरा भाऊ आणि चौथी रमाबाई. उंची कमी पडल्याने त्यांनी आपल्या वाट्याचा भार डोक्यावर घेतला. काही महिन्यांत वडील बहीण कृष्णाबाई पटकीने गेली.

या प्रसंगांचा अर्थ दोन्ही बाजूंनी नीट ध्यानात घेतला पाहिजे. जी श्रद्धा व्रतांच्या मोबदल्यात फळ मागते, जिच्यात देवाने काय करायचे हे आधीच ठरलेले असते, ती श्रद्धा रमाबाईंच्या डोळ्यांदेखत कोसळली. वडिलांची आज्ञा मात्र उरली. ती कोणत्या ईश्वराची, कोणत्या सेवेची, कोणत्या मार्गाने, यांपैकी काहीच तीत सांगितलेले नव्हते. अनंतशास्त्र्यांच्या मनातील ईश्वर वेगळा होता. आपली मुलगी ती आज्ञा पाळत पाळत कोठे पोहोचणार आहे हे त्यांना कळले असते, तर त्यांना काय यातना झाल्या असत्या याची कल्पनाच केलेली बरी. आज्ञा देणारा आणि ती घेणारी या दोघांनाही जिची दिशा ठाऊक नव्हती अशी ही आज्ञा होती. रमाबाईंच्या पुढील आयुष्याची बीजे त्यांच्या कोणत्याही धर्मग्रंथवाचनापेक्षा येथे अधिक सापडतात.

पुढील तीन-चार वर्षे बहीणभाऊ हजारो मैल पायी हिंडले. काश्मीरपर्यंत गेले, उपाशी राहिले, थंडीत कुडकुडले, पुराणे सांगितली. एका सरोवरात सात तरंगते पर्वत आहेत आणि पुण्यवंतांकडेच ते येतात, असे त्यांना सांगण्यात आले. मगरींच्या भीतीने कोणी पाण्यात शिरू नये, अशी तेथील पुजाऱ्याची ताकीद होती. भाऊ पहाटे पोहत गेला तेव्हा ते तराफ्यांवर रचलेले मातीचे ढीग निघाले. पुजाऱ्याचा माणूस नावेतून त्यांना मागून ढकलत असे. ही हकीकत रमाबाईंनी विनोदाच्या अंगाने सांगितली आहे, पण तीत एक पद्धत दिसते. ज्या आज्ञेमागे ‘आत शिरून पाहू नका’ अशी अट असते, ती आज्ञा संशयास्पद, हा धडा त्यांनी येथे घेतला असावा.

१८७८ मध्ये कलकत्त्याला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या मिळाल्या. तेथेच एका ख्रिस्ती मेळाव्यात लोक खुर्च्यांपुढे गुडघे टेकताना पाहून, हे खुर्च्यांची पूजा करतात की काय, असे त्यांना वाटले होते. भेट मिळालेले संस्कृत बायबल त्यांना नीट उमगले नाही. केशवचंद्र सेनांनी वेदांची प्रत दिली, आणि स्त्रीला वेदांचा अधिकार नाही हे मनावर ठसलेले असल्यामुळे ती उघडायलाही त्यांना धैर्य एकवटावे लागले. धर्मशास्त्रांच्या वाचनाने मात्र त्यांचा भ्रमनिरास केला. इतर सर्व बाबतींत परस्परविरोधी असलेले ग्रंथ स्त्री आणि शूद्र यांना मोक्षाचा दरवाजा बंद करण्यात एकमताचे आहेत, असे त्यांना आढळले. १८८० मध्ये भाऊ ढाक्याला वारला. त्याच वर्षी सिल्हेटचे वकील बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी त्यांनी नोंदणी पद्धतीने विवाह केला. १८८१ मध्ये मनोरमेचा जन्म झाला आणि ४ फेब्रुवारी १८८२ रोजी पती पटकीने गेले. सिल्चर येथे पतीच्या ग्रंथसंग्रहात बंगालीतील लूकचे शुभवर्तमान हाती लागले होते. ॲलन नावाच्या बाप्टिस्ट मिशनऱ्याने उत्पत्तीच्या पुस्तकाचा आरंभ समजावून दिला होता. पतीला हे रुचले नव्हते. त्यांच्या निधनाने प्रश्न सुटला नाही, तो फक्त पुढे ढकलला गेला.

पुण्यातील १८८२ चे वर्ष सर्वपरिचित आहे. आर्य महिला समाज, ‘स्त्रीधर्मनीति’ आणि रानडे मंडळींचा आश्रय यांबद्दल येथे पुनरुक्ती करीत नाही. ‘स्त्रीधर्मनीति’चे गद्य संस्कृतप्रचुर आहे, स्त्रीने स्वतःच्या उद्योगाने वर यावे असा तिचा सूर आहे, आणि पुस्तकाच्या विक्रीने लेखिकेच्या इंग्लंडच्या प्रवासखर्चाला हातभार लावला, एवढे नोंदवून पुढे जाऊ. वैद्यक शिकून परत येणे हे त्यांचे उद्दिष्ट होते. कानांचा दोष आड आला आणि ते शिक्षण झाले नाही. म्हणजे ज्या योजनेने त्या १८८३ मध्ये समुद्र ओलांडून गेल्या, ती योजना तेथे पोहोचताच निकामी झाली.

वाँटेज येथील सेंट मेरी द व्हर्जिन या सिस्टरांच्या मठात त्या राहिल्या. सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांनी तेथे आत्महत्या केली. हा आघात रमाबाईंच्या मनावर किती खोल गेला असेल, याविषयी चरित्रकारांनी फारसे लिहिलेले नाही. सिस्टरांनी त्यांना फुलम येथील आपल्या संस्थेत नेले. समाजाने टाकलेल्या स्त्रियांना तेथे ममतेने वागवले जाताना पाहून, यामागची प्रेरणा काय, असे त्यांनी विचारले. उत्तरादाखल योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा त्यांना वाचून दाखवण्यात आली. नीळकंठशास्त्री तथा नेहेम्या गोरे यांच्या पत्रांनी बौद्धिक शंका फेडल्या. २९ सप्टेंबर १८८३ रोजी मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. महाराष्ट्रात गदारोळ उठला. जोतीराव फुले यांनी १८८५ मध्ये ‘सत्सार’मध्ये रमाबाईंची बाजू घेतली हे येथे आवर्जून सांगितले पाहिजे.

बाप्तिस्मा घेतला आणि शंका संपल्या असे झाले नाही. किंबहुना आज्ञापालन या कल्पनेशी रमाबाईंचा खरा झगडा येथून सुरू होतो. सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृति मंडळाने अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली १९७७ मध्ये प्रसिद्ध केला. रमाबाईंच्या अभ्यासकाने इतर काहीही वाचण्यापूर्वी तो वाचावा असा आहे. सिस्टरांची अपेक्षा साधी होती. नवदीक्षित स्त्रीने चर्चच्या शिकवणुकीपुढे आणि वडीलधाऱ्यांपुढे नम्र व्हावे, अवघड सिद्धान्त आधी मानावेत, मग ते कळतील. रमाबाई मात्र त्रैक्याचा सिद्धान्त आणि कुमारीच्या पोटचा जन्म यांविषयी प्रश्न विचारीत राहिल्या. चेल्टनम येथील महाविद्यालयात पुरुषांना शिकवण्याचा प्रश्न निघाला तेव्हा हिंदुस्थानातील बिशपांनी विरोध केला. रमाबाईंना हे मत हास्यास्पद वाटले, कारण स्वदेशात त्या पुरुषांच्या सभांत व्याख्याने देऊनच इंग्लंडला आल्या होत्या. पुरोहितांच्या जोखडातून मोठ्या कष्टाने मोकळी केलेली मान दुसऱ्या तशाच जोखडात घालण्यास त्या तयार नव्हत्या. आपल्याला एक सद्सद्विवेक मिळालेला आहे, ईश्वराची आज्ञा तेथे ऐकू आली पाहिजे, दुसऱ्याच्या तोंडून आलेली आज्ञा ही त्याची आज्ञा आहे असे आंधळेपणाने मानणार नाही, अशी त्यांची भूमिका होती.

सिस्टर जेराल्डिन यांना हा अहंकार वाटला. एका परीने त्यांचे दुःखही खरे होते. त्यांनी या मायलेकींवर, विशेषतः मनोरमेवर, जीव लावला होता. पण तात्त्विक मुद्द्यावर सिस्टरांची गल्लत दिसते. ईश्वराची पूर्ण योजना मला ठाऊक नाही, असे म्हणणारा माणूस नम्र असतो. ती मला ठाऊक नाही, पण माझ्या वरिष्ठांना ठाऊक आहे, असे म्हणणारा माणूस नम्र असेलच असे नाही. त्याने अज्ञान फक्त एक पायरी खाली ढकललेले असते. रमाबाईंनी ही पायरी मानली नाही. त्यांच्या दृष्टीने योजना बिशपलाही ठाऊक नव्हती. मिस डोरोथिया बील यांनी ही गोष्ट ओळखून त्यांना प्रश्न विचारू दिले, आणि कदाचित म्हणूनच रमाबाई ख्रिस्ती राहिल्या.

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेला गेल्या आणि अडीच वर्षांहून अधिक काळ तेथे राहिल्या. बालोद्यान शिक्षणपद्धती, ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ (१८८७), त्याच वर्षी बोस्टन येथे स्थापन झालेले आणि दहा वर्षे आर्थिक साह्य देण्यास बांधलेले रमाबाई असोसिएशन, आणि परतल्यावर मराठीत लिहिलेले ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ (१८८९) हे या कालखंडाचे फलित. शेवटच्या ग्रंथातील मराठी ‘स्त्रीधर्मनीति’च्या तुलनेत मोकळी, खेळकर आणि चौकस आहे, एवढी नोंद पुढील विवेचनासाठी पुरेशी आहे.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन उघडले आणि १८९० च्या अखेरीस ते पुण्यास हलले. पहिली विद्यार्थिनी गोदूबाई. १८९३ मध्ये त्यांचा धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला. सदनात धर्मशिक्षण द्यायचे नाही, प्रत्येकीने आपापला धर्म पाळावा, असे ठरलेले होते. दरम्यान १८९१ च्या सुमारास रमाबाईंच्या अंतर्जीवनात एक पालट झाला. एका इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मवृत्त वाचून, आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला पण ख्रिस्त स्वीकारला नाही, असे त्यांना वाटू लागले. आतापर्यंत बुद्धीने पटलेल्या गोष्टीवर आता सारा भार टाकावयाचा होता. या पालटानंतर त्या आपल्या खोलीत मुलीसह प्रार्थना करीत, दार उघडे असे, आणि काही विधवा मुली आपण होऊन तेथे येऊन बसत. त्यांना हाकलून देण्यास रमाबाईंनी नकार दिला. ऑगस्ट १८९३ मध्ये रानडे, भांडारकर आदींच्या सल्लागार मंडळाने राजीनामा दिला. वृत्तपत्रांतून तोफा डागल्या गेल्या आणि पालकांनी अनेक मुली काढून नेल्या.

या वादात रमाबाई संपूर्ण निर्दोष होत्या असे म्हणता येत नाही. ज्या वयाच्या आणि ज्या परावलंबी स्थितीतील मुली सदनात होत्या, त्यांच्या बाबतीत उघडे दार ही पूर्णपणे तटस्थ गोष्ट नसते. आपल्यावर उपकार करणारी स्त्री ज्या देवापुढे बसते त्या देवाकडे मुलीचे मन ओढले जाणारच. रानडे आणि भांडारकर यांनी समाजाला दिलेला शब्द त्यांना मोडता येत नव्हता, हेही खरे. परंतु दार लावून घेणे म्हणजे स्वतःला सापडलेले लपवून ठेवणे होते, आणि ते रमाबाईंना अशक्य होते. येथे दोन प्रामाणिक निष्ठांची टक्कर झाली आणि तिची किंमत त्या काढून नेलेल्या मुलींनी मोजली. रमाबाईंच्या गौरवग्रंथांत या मुलींचा उल्लेख ओझरता येतो, ही उणीवच मानावी लागेल.

रमाबाईंच्या श्रद्धेचे आर्थिक स्वरूप याच सुमारास बदलू लागले. जॉर्ज म्यूलर, जॉन पेटन आणि चायना इनलँड मिशन यांचे वृत्तान्त त्यांनी वाचले. हमीच्या निधीशिवाय, उद्याची तरतूद हाती नसताना, केवळ प्रार्थनेवर मोठमोठी कामे चालवल्याचे हे वृत्तान्त होते. असोसिएशनचा दहा वर्षांचा करार १८९८ मध्ये संपणार होता. रमाबाईंनी पुण्याच्या पूर्वेला केडगाव स्टेशनजवळ जमीन घेऊन ठेवली. फळबागेच्या उत्पन्नावर सदनाचा काही भार निघावा हा त्यामागचा व्यवहारी हिशेब. त्या माळावर पुढे काय उभे राहणार आहे, याची त्या खरेदीच्या वेळी त्यांना अजिबात कल्पना नव्हती. १८९६ मध्ये लोणावळ्याच्या शिबिरात त्यांच्यासोबत पंधरा ख्रिस्ती मुली होत्या, आणि या संख्येचा वर्ग व्हावा अशी प्रार्थना त्यांनी केली, असे चरित्रकार सांगतात. पंधराचा वर्ग दोनशे पंचवीस. एवढ्या मुली येणार कोठून, याचे उत्तर कोणापाशीच नव्हते.

उत्तर आले ते दुष्काळाच्या रूपाने. ईश्वरी योजना असा शब्द येथे वापरताना लेखणी अडखळते. ज्या दुष्काळात माणसे रस्त्याकडेला मरत होती, तो एखाद्या प्रार्थनेचे उत्तर कसा मानावा? रमाबाईंनी तसे मानले नाही. मध्य प्रांतातील बातम्या वाचून त्यांना १८७४ आठवले, एवढेच त्या प्रथम सांगतात. तिरुपतीच्या रानात झाडपाला खाणारी मुलगी त्यांना दिसली. हातात पैसा नव्हता, पुण्याच्या सदनात जागा नव्हती, अमेरिकन मंडळींनी विधवांसाठी निधी दिला होता, दुष्काळग्रस्तांसाठी नव्हे. जावे असे मनात स्पष्ट होते. बाकी काहीही स्पष्ट नव्हते. त्या निघाल्या. अन्नछत्रांतून आणि दरिद्रीगृहांतून हिंडल्या, आणि तरुण मुलींना फूस लावून नेणारे लोक तेथे टपलेले पाहिले. तेव्हा आपण घेऊन जाऊ तितक्या मुली वाचतील हा हिशेब त्यांना पुरेसा वाटला. तीनशे मुली आणायचे त्यांनी ठरवले.

मुली पुण्यास पोहोचू लागल्या आणि १८९७ च्या प्लेगमुळे सरकारी अधिकाऱ्यांनी शहरात नव्या मुली ठेवण्यास मनाई केली. आता त्यांना घेऊन जायचे कोठे? केडगावचा माळ रिकामा होता. तेथे राहुट्या आणि कुडाच्या शेडी उभारल्या. फळबागेसाठी घेतलेल्या त्या जमिनीवर ‘मुक्ती’ उभी राहिली. १८९८ मध्ये रमाबाई पुन्हा अमेरिकेला गेल्या, असोसिएशनची नवी रचना झाली, पण केडगावच्या कामाला निश्चित रकमेची हमी उरली नाही. पुढे तेथे चर्चची इमारतही उभी राहिली. १९०० च्या सुमारास गुजरातच्या दुष्काळातील मुली आल्या आणि रहिवाशांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. विहिरी, शेती, विणकाम, शिवणकाम, तेलाचा घाणा, दुग्धालय, छापखाना, अंधांसाठी मनोरमेने सुरू केलेले ब्रेल लिपीचे शिक्षण, पतितांसाठी कृपासदन यांतले पुष्कळसे काम समोर येईल त्या गरजेने वाढत गेले. वडिलांच्या घरात कोणालाही हाताचे काम येत नव्हते, ही १८७४ ची शिकवण मात्र या सगळ्यांत जागी होती. मुक्तीतील प्रत्येक मुलीने काहीतरी धंदा शिकलाच पाहिजे, याविषयी रमाबाई विलक्षण आग्रही होत्या.

देवावर हवाला ठेवणे म्हणजे निष्क्रियता, हा नेहमीचा आक्षेप केडगावच्या दैनंदिनीपुढे टिकत नाही. तोंडे दोन हजार आणि धान्य मर्यादित, अशा संस्थेत पुढचा आठवडा ठाऊक नसताना आजचे दळण, आजचे पाणी, आजचा वर्ग चोख ठेवावा लागतो. रमाबाईंची श्रद्धा त्या दळणात दिसते. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ज्या स्त्रीने दुसऱ्याच्या तोंडची आज्ञा नाकारली, तिच्या संस्थेत हजारो मुलींना तिचीच आज्ञा पाळावी लागली. दुष्काळातून आलेल्या पोरक्या मुलींना ख्रिस्ती होण्याखेरीज कितपत पर्याय होता? १९०५ मध्ये मुक्तीत आलेल्या धार्मिक जागृतीच्या लाटेत मुली तासन्‌तास रडत, मोठ्याने प्रार्थना करीत. जागतिक पेंटेकोस्टल चळवळीच्या इतिहासात या घटनेला महत्त्वाचे स्थान मिळाले आहे. रमाबाईंनी तिला आवर घातला नाही. पाश्चात्त्य शिष्टाचाराच्या चौकटीत हिंदी स्त्रीची भक्ती कोंबू नये असे त्यांचे मत होते. यात वाँटेजची रमाबाईच बोलते आहे हे खरे. तरीही मुक्तीतील एखादी मुलगी रमाबाईंना तसेच प्रश्न विचारती, जसे त्यांनी सिस्टर जेराल्डिन यांना विचारले, तर तिला काय उत्तर मिळाले असते? अशा एखाद्या मुलीची पत्रे आपल्यापर्यंत आली असती, तर हे चरित्र अधिक पूर्ण झाले असते.

साहित्याच्या अभ्यासकाने ज्याकडे सर्वाधिक लक्ष द्यावे असे कार्य म्हणजे रमाबाईंचे बायबलचे भाषांतर. मराठीत बायबलच्या भाषांतराची परंपरा श्रीरामपूरच्या केरी यांच्यापासून सुरू होते. अमेरिकन मिशन आणि बायबल सोसायटी यांनी ती पुढे नेली आणि बाबा पदमनजींसारखे कसलेले मराठी लेखक तिच्यात सहभागी होते. रमाबाईंची अडचण अशी होती, की ही मराठी केडगावच्या मुलींना कळत नाही. शिवाय तीतील अनेक संस्कृत शब्द आपल्याबरोबर अशा धर्मकल्पना घेऊन येतात, ज्या मूळ हिब्रू वा ग्रीक शब्दांत नाहीत. दुसरा मुद्दा सामान्य मिशनऱ्याच्या ध्यानात येण्यासारखा नव्हता. तो उमगायला ज्याने भागवताचे अठरा हजार श्लोक मुखोद्गत केले आहेत असा माणूस लागतो. संस्कृत शब्दाच्या पोटात काय काय साठलेले असते, हे त्यांना अंगवळणी माहीत होते.

वयाच्या पंचेचाळिशीनंतर त्यांनी हिब्रू आणि ग्रीक यांचा अभ्यास आरंभला, व्याकरणाची आणि शब्दांची साधने तयार केली आणि साऱ्या बायबलचे एकटीने भाषांतर करण्यास घेतले. बहिरेपण वाढत होते, संस्थेचा व्याप होता, आणि काम पुरे होईल याची कसलीही खात्री नव्हती. सिल्चरला अर्धवट ऐकलेले उत्पत्तीचे पुस्तक आता त्यांना मूळ भाषेतून शब्दशः उतरवायचे होते. कोठे जायचे हे न कळता घर सोडून निघालेल्या अब्राहामाची कथाही त्याच पुस्तकातली.

या भाषांतराचे वाङ्मयीन मूल्यमापन करताना भाबडेपणा नको. मुळाशी घट्ट राहण्याच्या हट्टामुळे वाक्ये पुष्कळदा अवघडतात. मराठी वाक्याची लय सुटते आणि सोपा शब्द आणण्याच्या नादात अर्थाची एखादी छटा हरवते. बायबल सोसायटीच्या प्रचलित भाषांतराची जागा ते घेऊ शकले नाही. पण ‘स्त्रीधर्मनीति’, ‘प्रवासवृत्त’ आणि हे भाषांतर अशी तीन गद्ये शेजारी ठेवून वाचावीत. पहिल्यात पंडितेचा अधिकार बोलतो, दुसऱ्यात प्रवासिनीचे कुतूहल. तिसऱ्यात लेखिका जवळजवळ दिसेनाशी झाली आहे. सरस्वती ही पदवी मिळवलेली स्त्री आपल्या मराठीतून संस्कृत एकेक शब्दाने काढून टाकते आहे, आणि तेही आयुष्याची शेवटची पंधराहून अधिक वर्षे खर्चून. आज्ञापालनाने रमाबाईंच्या जीवनावर काय परिणाम केला याची चर्चा पुष्कळ झाली. त्याने त्यांच्या भाषेचे काय केले, हा प्रबंधाचा विषय अद्याप बराचसा अस्पर्श आहे.

मनोरमाबाईंनी आपल्यामागे मुक्तीचा कारभार पाहावा, हे रमाबाईंनी गृहीत धरलेले होते. त्यांच्या शिक्षणाची आखणी त्या दृष्टीने झाली होती. १९२१ च्या जुलै महिन्यात मनोरमाबाई चाळिसाव्या वर्षी वारल्या. आईवडील, बहीण, भाऊ, पती आणि अखेर मुलगी असा हा क्रम. रमाबाईंनी याबद्दल काय भोगले ते त्यांच्या लेखनात जवळजवळ उमटलेले नाही. त्यांनी भाषांतराची मुद्रिते तपासणे चालू ठेवले. शेवटची पाने तपासून होताच ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचा अंत झाला, असे त्यांच्या निकटवर्तीयांनी नमूद केले आहे. ग्रंथ त्यांनी पाहिला नाही. तो १९२४ मध्ये मुक्तीच्या छापखान्यातून बाहेर पडला. तेथे खिळे जुळवण्याचे आणि छपाईचे काम मुक्तीतील स्त्रियाच करीत असत.